आज गोणाईचं ऐकू या



आजचं वाचन: संत नामदेवांच्या गाथेतला गोणाई-नामदेव संवाद, आणि सोबत ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायातला वाणीच्या तपाचा भाग.

आज जरा घरातलं लिहितोय. लिहू की नको यात दोन दिवस गेले. शेवटी आईलाच विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही की. पण माझी बाजूबी लिही."

तर दोन्ही बाजू लिहितो.

अबोल्याचे अकरा दिवस

मी मुरुडचा. लातूर-बार्शी रस्त्यावरचं आमचं गाव. शिक्षण लातूरला झालं, नोकरी पुण्यात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो राहिलोच. पुढच्याच वर्षी बाबा गेले. ताई लग्न होऊन लातूरला. घरात आता मी आणि आई. माझ्या वयाचे कितीतरी मित्र असेच घरी परतलेत. कुणी नोकरीमुळे, कुणी आईबापाच्या दुखण्यामुळे, कुणी पुण्या-मुंबईची भाडी परवडेनात म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती छान, पोरगा आईजवळ आहे. आत काय चाललंय ते ज्याचं त्याला माहीत.

आमचं दोन एकर रान आहे. काळी जमीन, सोयाबीन आणि तूर. बाबा होते तोवर ते बघायचे. नंतर आई मजूर लावून कसंबसं करत होती. तिचे गुडघे दुखतात, मला कॉल सोडून रानात जाता येत नाही. म्हणून यंदा पाडव्याला मी ते रान बटईनं देऊन टाकलं. बोलणी माझ्या खोलीत बसून फोनवर झाली. आईला विचारलं नाही. सांगूसुद्धा नाही. मनात होतं की तिचा त्रासच कमी करतोय, मग विचारायचं काय?

तिला ते बटईदाराकडूनच कळलं. त्यानं रस्त्यात नमस्कार करून विचारलं, "काकू, बांधावरची बाभळ तोडू का ठिवू?"

त्या दिवशी ती घरी येऊन एवढंच म्हणाली, "सातबाऱ्यावर माझं नाव हाय अजून." मी म्हणालो, "आई, तुला झेपत नाही. मी बरोबरच केलं." आवाज चढला होता माझा. ती आत गेली. त्यानंतर अकरा दिवस आम्ही बोललो नाही. म्हणजे "जेवण झाकून ठेवलंय", "गॅस संपत आलाय" एवढं बोलायचो. तेही एकमेकांकडे न बघता.

आता माझी खरी चूक सांगतो. या अकरा दिवसांत मी रोज संध्याकाळी हरिपाठाला गेलो. एरवी आठवड्यातून दोनदा जायचो, आता रोज. पहाटे ज्ञानेश्वरी वाचली. इथे तुमच्यासाठी लिहीत होतो. शांती, क्षमा, समता, सगळ्यावर लिहिलं. आईशी बोलायची वेळ आली की माझी पूजेची वेळ झालेली असायची. देवासमोर बसलेल्या माणसाला कोण काय म्हणणार?

बाराव्या रात्री कीर्तनाहून आलो. कीर्तनाचा विषय होता पुंडलिकाची मातृपितृसेवा. छान झालं कीर्तन, दोनदा डोळ्यांत पाणी आलं. घरी आलो तर आई स्वयंपाकघरात अंधारातच बसून सकाळची भाकरी खात होती. मी दिवा लावला. म्हणालो, "अंधारात का जेवतेस?" ती म्हणाली, "तुझ्या देवाला इचार, घरातल्या बाईला कुणी इचारत असतंय का म्हणून."

मला उत्तर आलं नाही.

गाथेतली ती पानं

रात्री झोप लागेना. नामदेवांची गाथा काढली. सवयीप्रमाणे आवडीचे अभंग चाळत होतो. विठ्ठलाचं रूप, नामाचं सुख, ज्ञानेश्वरांसोबतची तीर्थयात्रा. मध्येच ती पानं आली जी मी दर वेळी पटकन उलटतो. गोणाईची पानं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नामदेव महाराज परंपरेनुसार १२७० सालचे. घराणं शिंप्याचं. मूळ गाव म्हणून आपल्या मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी मानलं जातं. हयात गेली पंढरपुरात. वडील दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई, चार मुलं. शिवाय जनाबाईही त्याच घरात राहिलेल्या. म्हणजे नामदेव काही एकटे, जंगलात राहणारे साधू नव्हते. मोठे झाल्यावर, लग्न होऊन मुलंबाळं झाल्यावरही आईच्या घरात राहणारा हा मुलगा.

आणि आईचं त्याच्याशी पटत नव्हतं.

गाथेत गोणाईच्या तोंडी जे अभंग आहेत, त्यात तिची तक्रार काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. तिनं नवस केले, नऊ महिने पोटात वागवलं, जिवापाड जपलं. आता हा हाताशी आला तर घरादाराकडे बघत नाही. धंदा सोडला. बायकोमुलांनी खायचं काय? लोक हसतात. ती नामदेवाला समजावते, रागावते, रडते. तो ऐकत नाही म्हटल्यावर थेट विठ्ठलाच्या दारात जाते आणि देवाशीच भांडते. माझा मुलगा मला परत दे म्हणते.

महिपतींच्या 'भक्तविजया'त एक कथा आहे, तुम्ही लहानपणी ऐकली असेल. घरच्यांनी नामदेवाला कापड विकायला बाजारात पाठवलं. भजनाच्या नादात त्यानं ते कापड धोंड्यांना उधारीवर दिलं आणि जामीन म्हणून एक धोंडा घरी आणला. कीर्तनात आपण या कथेला हसतो, शेवटी धोंड्याचं सोनं होतं तेव्हा टाळ्या वाजवतो. पण त्या संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या आईच्या जागी जाऊन बघा. सकाळी कापड गेलं, संध्याकाळी दगड आला. सोनं होणार आहे हे तिला कुठे माहीत होतं?

त्या रात्री मला पहिल्यांदा एक गोष्ट जाणवली. नामदेवांचा गौरव करणाऱ्या गाथेतून कुणी गोणाईला काढून टाकलं नाही. काढता आलं असतं. संताची आई संताला बोल लावते, हे काही भक्तांना मिरवण्यासारखं नाही. तरी वारकरी परंपरेनं तिची तक्रार तशीच ठेवली. एवढंच नाही, तिला अभंगाचं रूप दिलं. म्हणजे ती गायची आहे, टाळ-मृदंगाच्या साथीनं, देवासमोर.

आईची तक्रार हा भक्तीतला अडथळा आहे असं मी धरून चाललो होतो. गाथेनं तर तिला भक्तीच्या पोथीतच जागा दिलीय.

तेरचं थापटणं

आमच्या मुरुडहून ढोकीमार्गे तेर जवळ. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. नामदेवांची ती प्रसिद्ध कथा तिथलीच. संतमंडळी गोरा कुंभारांकडे जमली होती. मुक्ताबाईनं काकांना विचारलं, हे काय? काका म्हणाले, हे थापटणं, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमची मडकी बघा की, म्हणाली मुक्ताबाई. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा त्यांना राग आला. काका म्हणाले, एवढं मडकं कच्चं.

ही कथा आपण गुरूची गरज समजावण्यासाठी सांगतो. ते बरोबरच आहे. नामदेव रुसून विठ्ठलाकडे गेले, आणि तिथून त्यांना विसोबा खेचरांकडे जावं लागलं. पण मला त्या रात्री दुसरंच दिसलं. कच्चेपणा कळला तो थापटण्यावर उमटलेल्या रागातून. नामदेवांचं भजन कच्चं नव्हतं, विठ्ठलावरचं प्रेम कच्चं नव्हतं. दुसऱ्यानं हात लावल्यावर जे आतून उसळलं, ते कच्चं होतं.

हरिपाठाला बसल्यावर मला कुणी थापटत नाही. तिथे सगळे माझ्याच चालीत म्हणतात. थापटणं घरी पडतं. "सातबाऱ्यावर माझं नाव हाय अजून" हे थापटणंच होतं. आणि माझा आवाज कसा आला ते वर लिहिलंच आहे.

आता कुणी म्हणेल, मग आई जे बोलेल ते सगळं बरोबर का? नाही. गोणाईचं सगळं बरोबर होतं असं गाथाही म्हणत नाही. नामदेवांनी तिचं ऐकून भजन सोडलं नाही. ते सोडलं असतं तर आपल्याला काय मिळालं असतं? पुढे ते पंजाबपर्यंत गेले, शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांच्या रचना आहेत. मुद्दा वेगळा आहे. आईचं ऐकणं आणि आईनं सांगितलेलं करणं या दोन गोष्टी आहेत. करायचं की नाही ते नंतर ठरवता येतं. ऐकायचं मात्र आधी असतं. मी करायचं नव्हतं म्हणून ऐकायचंच टाळलं.

मौन आणि अबोला

दुसऱ्या दिवशी पहाटे ज्ञानेश्वरी उघडली ती सतराव्या अध्यायावर. गीतेत इथे भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात: शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. वाणीचं तप कोणतं? जे बोलणं समोरच्याला अस्वस्थ करत नाही, जे खरं असतं, गोड असतं आणि त्याच्या भल्याचं असतं. सोबत स्वाध्याय.

यातलं मी काय पाळत होतो? स्वाध्याय. पहाटे पाचला उठून. बाकीचं? "तुला झेपत नाही" हे खरं होतं. तिचे गुडघे खरंच दुखतात. पण ते गोड नव्हतं, आणि तिच्या भल्यासाठीही मी ते बोललो नव्हतो. वाद संपवायला बोललो होतो. आपण एकेक खरं वाक्य हातात दगडासारखं घेऊन बसतो. "खरं तेच बोललो ना?" हा आपला बचाव. गीतेला तेवढं खरं पुरत नाही.

ज्ञानेश्वर माउली इथे दोन दृष्टांत देतात, ते माझ्या शब्दांत सांगतो. परीस लोखंडाला न तोडता, त्याचं वजन न घटवता सोनं करतो. समोरच्याला कमी न करता त्याचं भलं करणारं बोलणं तसं असतं. दुसरा दृष्टांत पाण्याचा. पाणी झाडासाठी जातं, पण जाता जाता गवतही जगतं. आमच्याकडे हे रोजचं आहे. उसाला किंवा हरभऱ्याला पाणी सोडलं की दंडाच्या कडेचं गवत आपोआप हिरवं होतं. एकाशी नीट बोललं तरी सगळं घर ओलं होतं.

आणखी एक गोष्ट मला त्याच पानावर सापडली. मौन हा शब्द गीतेत वाणीच्या तपात येत नाही. तो पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात येतो, मनाची प्रसन्नता आणि सौम्यपणा यांच्या सोबत. मी अकरा दिवस स्वतःला समजावत होतो की मी मौन पाळतोय, वाद वाढवत नाहीये. पण मन प्रसन्न होतं का? आत तर चोवीस तास भांडण चालू होतं. तिला काय काय सुनवायचं याची उजळणी आंघोळ करतानाही व्हायची. याला मौन म्हणत नाहीत. आपल्या भाषेत याला चांगला शब्द आहे, अबोला. मौनात आपण स्वतःला आवरतो. अबोल्यात समोरच्याला शिक्षा देतो.

त्या संध्याकाळी

त्या दिवशी मी हरिपाठाला गेलो नाही. हे लिहितानाही थोडं अपराधी वाटतंय, पण गेलो नाही. आई अंगणात तुळशीला पाणी घालत होती. मी पायरीवर बसलो. काय बोलायचं ते तीन-चार वेळा मनात जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "आई, रानाचं तुला न विचारता केलं. चुकलं माझं. तुझं काय म्हणणं आहे?"

तिनं लगेच काही उत्तर दिलं नाही. तांब्या ठेवला. मग म्हणाली, "आता इचारून काय फायदा?" मी पुन्हा समजावायला तोंड उघडणार होतो. हिशोब तयार होता माझ्याकडे, मजुरीचे दर, खताचे भाव. कसं कोण जाणे, पण गप्प बसलो.

बऱ्याच वेळानं ती बोलायला लागली, आणि रानाच्या हिशोबाबद्दल बोललीच नाही. बोलली ती भूकंपाबद्दल.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. औसा आणि उमरगा भागातली गावंच्या गावं गेली, हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं मातीचं ओझं, झोपेतच लोकांच्या अंगावर आलं. आमचं मुरुड वाचलं. पण घर आमचंही माळवदाचंच होतं.

"घरात पाय ठिवायचं धाडस हुईना," आई म्हणाली. "जरा भांडं वाजलं तरी बाहीर पळायचो. तुझ्या बाबांनी रानात खोप घातली. त्या रानात आपण दीड म्हैना झोपलाव. तू दोन वर्साचा. ताई शाळंतली. वरून पाऊस. रातच्याला तुला पोटाशी धरून मी जमिनीला हात लावून झोपायची. हलली तर कळावं म्हणून."

मला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे भूकंप माहीत होता, लातूरच्या कुठल्या पोराला माहीत नाही? पण ते रान माझ्यासाठी दोन एकर होतं, बाबांच्या माघारी पडलेलं एक काम. तिच्यासाठी ती जमीन होती, जिच्यावर हात ठेवून ती रात्र काढायची.

"तू इचारलं असतंस तर मी न्हाई थोडंच म्हणले असते?" ती म्हणाली. "बटईनंच द्यायला हवं होतं, ते मलाबी कळतंय. पण मला सांगायचं तरी."

तासभर ती बोलत होती. मध्ये दोनदा मला वाटलं की हे अन्यायाचं आहे, मी असं म्हणालो नव्हतो, ताईचं तिला बरं चालतं. थापटणी पडत होती. मी ऐकत राहिलो. सगळी नाही, पण बरीचशी.

मग काय झालं

चमत्कार झाला नाही. व्यवहार तोंडी असला तरी दिलेला शब्द दिलेला होता, तो मोडला नाही. पुढच्या पाडव्याला रानाचं काय करायचं ते आई ठरवणार, हे कबूल झालं. बांधावरची बाभळ ठेवली. आठवड्यातून एकदा मी तिला गाडीवरून रानात सोडतो. ती बांधावर बसते, बटईदाराला चार सूचना करते. तो बिचारा "हो काकू" म्हणतो.

आम्ही अजूनही भांडतो. टीव्हीचा आवाज, माझं रात्री उशिरा जेवणं, माझ्या लग्नाचा विषय. गेल्या आठवड्यातच माझा आवाज पुन्हा चढला होता. फरक एवढाच की आता अबोला दुसऱ्या दिवसावर जात नाही. दोघांपैकी कुणीतरी, बहुतेक वेळा तीच, चहा ठेवते आणि म्हणते, "बोल आता, काय ते."

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. प्रत्येक घर असं नसतं. काही घरांत मारहाण असते, शिव्या असतात, दारू असते, माणसाला रोज कमी लेखणं असतं. ते मुकाट सोसणं म्हणजे भक्ती, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. अशा वेळी मदत मागणं, वेगळं राहणं, अंतर ठेवणं यात पाप नाही. दूर राहूनही आईबापाची काळजी घेता येते. नामदेवही तीर्थयात्रेला घर सोडून गेलेच होते. मी आज लिहितोय ते आमच्यासारख्या घरांबद्दल, जिथे प्रेम आहे पण बोलणं आटलंय.

आजचा अभ्यास

हे चार मुद्दे मी माझ्या वहीत लिहिलेत. तुम्हीही लिहून बघा.

१. गेल्या महिन्यात आई किंवा वडिलांनी तुमच्याबद्दल केलेली एक तक्रार आठवा. ती तुमच्या उत्तराशिवाय, फक्त त्यांच्या शब्दांत लिहून काढा. "पण" हा शब्द येऊ देऊ नका. मला हे तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

२. त्यांच्याबद्दलचा कोणता निर्णय तुम्ही त्यांना न विचारता घेतलाय? औषधं, पैसे, घराची दुरुस्ती, मोबाइलमधली सेटिंग, काहीही. तो बदलायलाच हवा असं नाही. पण "तुमचं काय म्हणणं आहे?" हे एवढं विचारा आणि मग पाच मिनिटं काही समजावू नका.

३. भांडणानंतर गप्प असाल तर स्वतःला तपासा, हे मौन आहे की अबोला? सोपी खूण आहे. आत शांत असेल तर मौन. आत उत्तरं तयार होत असतील तर अबोला.

४. तुमची साधनेची वेळ आणि घरच्यांशी बोलायची वेळ सारखी एकमेकींवर येते का? येत असेल तर ती मुद्दाम तर येत नाही ना, हे देवासमोरच विचारा. त्याला फसवता येत नाही.

पुंडलिकाची कथा आपण विटेपासून सांगतो. देव दारात आला, तो आईबापाच्या सेवेत होता, वीट फेकली. पण कथा त्याच्या आधीपासून सुरू होते, जेव्हा तो आईबापाशी वाईट वागत होता. विटेपर्यंत पोचायला त्यालाही वेळ लागला. आपल्यालाही लागेल. अठ्ठावीस युगं वाट बघणाऱ्या देवाला आपल्या चार वर्षांचं काय?

तेरला

मागच्या रविवारी मी आणि आई तेरला जाऊन आलो. एस.टी.नं गेलो. तेरणा नदीकाठी गोरोबाकाकांचं मंदिर आहे. मी आईला थापटण्याची कथा सांगितली. तिला ती माहीत होतीच. मला वाटलं, ती काकांबद्दल काहीतरी बोलेल. गोरोबांच्या हातून, भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना, स्वतःचं तान्हं बाळ तुडवलं गेलं, ती कथाही तुम्हाला माहीत असेल. आई मंदिराच्या पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सगळी काकांचं भजन सांगत्यात. त्या माउलीचं काय झालं असंल त्या टायमाला?"

पुढे कथेत देव येतो, बाळ परत मिळतं. पण मधल्या वेळेत त्या घरात एक आई रडत होती. माझ्या आईला ती दिसली. इतकी वर्षं कथा सांगूनही मला दिसली नव्हती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "त्या गोणाईचं वाच बघू काय हाय ते." मी गाथा काढून वाचलं, सगळे अभंग, आवाज जरा चढवून, कारण तिला आता कमी ऐकू येतं. ती डोळे मिटून ऐकत होती. वाचून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग उठली, स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली,

"बरोबर बोलली गोणाई."

प्रार्थना

विठ्ठला, तुझ्या दारात येऊन भांडणाऱ्या गोणाईला तू हाकलून दिलं नाहीस. तिचं ऐकून घेतलंस. आमच्या घरातल्या गोणाईचं आम्हालाही ऐकू येऊ दे. आमचं भजन तिच्या हाकेपेक्षा मोठ्यानं होऊ देऊ नकोस. जिथे चुकलो तिथे चुकलं म्हणायची बुद्धी दे, आणि थापटणं पडलं की निदान एक क्षण गप्प बसायची ताकद दे. कच्चे आहोत, माहीत आहे. भाजून घे.

राम कृष्ण हरी.